तलंगा वेळेआधी अंड्यावर येतायत? औषधाआधी शेडातला उजेड तपासा

सोळावा आठवडा लागतो न लागतो तोच तुरे लाल व्हायला लागतात. पाठीवर हात ठेवला की तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, पळायचं सोडून पंख किंचित पसरते आणि जमिनीला चिकटून बसते. आणखी काही दिवसांत तुसात पहिलं अंडं सापडतं, ३०-३५ ग्रॅमचं. मालक खूश असतो, कारण खाद्याचा खर्च सुरू होऊन चार महिने झालेले असतात आणि आता कुठे चार पैसे दिसायला लागतात. पुढच्या महिन्याभरात मात्र चित्र पालटतं.

कवचावर रक्ताच्या रेघा दिसू लागतात. अंड्यांची संख्या भराभर चढते, पण आकार वाढत नाही. बाजारात ज्याला लहान अंडं म्हणतात त्या ३८ ते ४४ ग्रॅमच्या वर्गातच ती अडकून बसतात. अधूनमधून दोन बलकांचं अंडं येतं, मध्येच बिनकवचाचं. मग एखादी तलंग कोपऱ्यात मान पाडून उभी दिसते. तिच्या मागे लालबुंद मांस बाहेर आलेलं असतं आणि बाकीच्या नेमक्या तिथेच टोचत असतात. सकाळी शेड उघडावं तर मागून पोखरलेला पक्षी मरून पडलेला. २० ते २६ आठवड्यांच्या दरम्यान अशी मर दिसली आणि वरची लक्षणंही जुळत असली, तर पुढचं वाचा.

गोव्यातल्या सत्तरी, डिचोली, पेडण्याकडच्या ज्या शेडांत मला बोलावलं जातं ती बहुतेक काहीशे पक्ष्यांची असतात. बाजूंना जाळी, वर पत्रे, खाली भाताचा तूस आणि घरापासून हाकेच्या अंतरावर. माणसं फोनवर आधी विचारतात ते औषध. कुणी कॅल्शियमची बाटली आणलेली असते, कुणी अँटिबायोटिक सुरू केलेलं असतं. दहातल्या आठ-नऊ ठिकाणी दोष उजेडाचा निघतो. अंग तयार होण्याआधीच पक्ष्याला दिवस वाढल्याचा निरोप मिळालेला असतो, आणि तो निरोप थांबवायला बाटली लागत नाही.

हा निरोप पोचतो कसा, ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढची प्रत्येक तपासणी का करायची ते कळेल. कोंबडी उजेड फक्त डोळ्यांनी घेत नाही. तिच्या कवटीचं हाड पातळ असतं. त्यातून झिरपलेला उजेड थेट मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशींना लागतो. १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये झाक बन्वा या शास्त्रज्ञाने बदकांवर प्रयोग करून दाखवलं की डोळे झाकले तरी उजेडाचा परिणाम अंडाशय-वृषणांवर होतोच. या पेशी जाग्या झाल्या की मेंदू संप्रेरकं सोडतो, अंडाशय वाढतं, तुरा लाल होतो. लाल-पिवळा उजेड निळ्या-हिरव्यापेक्षा कवटीतून अधिक आत जातो, म्हणून पिवळसर बल्ब दिसायला मंद असला तरी कामाला तेज असतो.

यातली कळीची गोष्ट अशी, की दिवस किती तासांचा आहे यापेक्षा तो वाढतोय की घटतोय हे पक्षी आधी ओळखतो. साधारण ८ ते १० आठवड्यांनंतर त्याला ही जाण येते. तिथून १७-१८ आठवड्यांपर्यंत दिवस वाढता दिसला, तर शरीर लहान असतानाच अंडाशय कामाला लागतं. जननमार्ग अरुंद, ओटीपोटाची हाडं जवळजवळ, स्नायू कच्चे, आणि त्यातून रोज अंडं. रक्त आणि अंग बाहेर येणं हे त्याचंच फळ.

पहिली तपासणी: वय खरं किती?

याला एक पैसा लागत नाही. पिल्लं आणल्याची पावती काढा आणि उबवणीच्या तारखेपासून आठवडे मोजा. सुधारित लेयर (खास अंड्यांसाठीच्या) जातीच्या तलंगा १८-१९ आठवड्यांत अंड्यावर आल्या आणि वजन पुरेसं असलं, तर तो आजारही नाही आणि चूकही नाही. त्या जातीची ती वेळच आहे. ज्यांनी आजवर फक्त गावठी पाळल्या त्यांना ते लवकर वाटतं, कारण गावठी कोंबडी सहा महिने किंवा त्याहून जास्त घेते.

दुसरं म्हणजे, तयार तलंगा विकत घेतल्या असतील तर विकणाऱ्याने सांगितलेल्या वयावर सगळं सोडू नका. बारा आठवड्यांच्या म्हणून दिलेल्या तलंगा पंधराच्या निघतात. पिल्लाची पावती, लसीकरणाची नोंद मागा. ती नसेल तर निदान आधीच्या शेडात दिवे किती तास लागत होते एवढं तरी विचारा. तिथे १४ तास उजेड असेल आणि तुमच्याकडे १२, तर गोष्ट एक. उलट असेल तर वेगळीच.

दुसरी तपासणी: अंड्यावरच्या कोंबड्या आणि तलंगा एकाच छपराखाली आहेत का?

मला सर्वात जास्त वेळा सापडणारं कारण हे, म्हणून इथे जरा थांबते.

छोट्या शेडात दोन तुकड्या असतात. एका बाजूला अंड्यावरच्या कोंबड्या, त्यांना १६ तास उजेड हवा म्हणून पहाटे आणि संध्याकाळी दिवे. मधे कोंबडजाळी आणि पलीकडे वाढत्या तलंगा. मालक म्हणतो, "ताई, दिवे तर ह्या बाजूलाच आहेत." जाळी मांजर अडवते, उजेड अडवत नाही. पिल्लांच्या खोलीत १२ तासांच्या दिवसावर वाढलेली तलंग अकराव्या-बाराव्या आठवड्यात या शेडात आली, की तिचा दिवस एका रात्रीत चार तासांनी वाढतो. अंड्यावर आणण्यासाठी जाणूनबुजून करावं असंच हे सगळं, फक्त सहा आठवडे आधी.

रात्री दिवे चालू असताना तलंगांच्या बाजूला, त्यांच्या डोक्याच्या उंचीवर बसा आणि वर्तमानपत्र उघडा. बातमी वाचता आली तर तिथे दिवस आहे असंच समजा. अंदाजे १० लक्सला (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) छापील अक्षर वाचता येतं, आणि अंड्यावरच्या कोंबडीला चेतवायला तेवढा उजेड पुरतो. नुसते मथळे दिसत असतील तरी मी निर्धास्त होत नाही.

उपाय स्वस्त आहे. मधल्या जाळीवर काळी जाड ताडपत्री, जमिनीपासून वरच्या आडव्यापर्यंत, कडेला फट न ठेवता. हवा बाजूच्या जाळ्यांतून खेळती राहील हे मात्र पाहा. गोव्याच्या दमट हवेत कोंदलं की तुसात अमोनिया धरतो आणि एक दुखणं जाऊन दुसरं येतं. वेगळं छोटं शेड जमत असेल तर ते सर्वात बरं.

तिसरी तपासणी: रात्री शेडात काळोख आहे का?

शेडातले सगळे दिवे बंद करा आणि आत उभं राहा. डोळे सरावले की हात समोर धरा. जमिनीवर हाताची सावली पडते का? पडत असेल तर ती कुठल्या बाजूला आहे ते पाहा. उजेड तिच्या उलट दिशेने येतोय. तसं चालत गेलात की उगम सापडतो. रस्त्यावरचा एलईडी खांब, शेजारच्या पडवीतला रात्रभरचा दिवा, विहिरीच्या पंपाजवळचा बल्ब, देवळाच्या आवारातला फोकस.

गोव्यात सणांचं भान ठेवावं लागतं. चतुर्थीची रोषणाई, दिवाळीचे आकाशकंदील, नाताळात घराघरांवर टांगलेली नक्षत्रं. सण आपले आहेत, दिवे लागणारच. पण शेडाच्या कडेच्या फणसाला गुंडाळलेली माळ तीन आठवडे रात्रभर पेटत राहिली आणि तुमच्या तलंगा तेव्हा १३-१४ आठवड्यांच्या असल्या, तर त्याचा परिणाम पुढच्या महिन्यात टोपलीत दिसतो.

संध्याकाळी ७ ते १० आणि पहाटे ४ ते ६ या दोन वेळांना मुद्दाम तपासा. सलग उजेड असायलाच हवा असं नाही. पहाटे साडेचारला गुरांचं दूध काढायला जाताना कुणी अर्धा तास दिवा लावला, विझवला, आणि मग सातला उजाडलं, तरी पक्षी आपला दिवस साडेचारपासूनच मोजतो. मधला काळोख त्याच्या हिशेबात येत नाही. सलग लांब काळोख असतो तीच त्याची रात्र. सापाच्या किंवा उदमांजराच्या भीतीने रात्री नऊ-दहाला शेडातला मोठा दिवा लावून ठेवणाऱ्यांनाही हेच लागू. भीती खोटी नाही, पण तिचा उपाय बारीक जाळी आणि पक्का दरवाजा आहे. बघायला जायचंच तर बॅटरी घेऊन दोन मिनिटांत बाहेर पडा.

रस्त्याचा खांब हलवता येत नसेल तर त्या बाजूची जाळी संध्याकाळपुरती ताडपत्रीने झाका, किंवा खांबाला शेडाकडच्या बाजूने झाकण बसवून द्या म्हणून पंचायतीकडे अर्ज करा. खांबावर स्वतः चढू नका.

चौथी तपासणी: टायमर

शेडात टायमर असेल तर त्याची तबकडी आणि तुमचं घड्याळ शेजारी धरा. बाजारात मिळणाऱ्या साध्या टायमरला २४ तासांची फिरणारी तबकडी असते, कडेने पाव-पाव तासाच्या छोट्या खुंट्या. वीज गेली की तबकडी थांबते आणि वीज आली की थांबली होती तिथूनच पुढे चालते. जूनमधल्या वाऱ्यापावसात सत्तरीकडे तुकड्यातुकड्याने मिळून तीन तास वीज गेली, तर टायमर तीन तास मागे. संध्याकाळी सहा ते साडेआठ लागणारे दिवे आता नऊ ते साडेअकरा लागतात. पहाटे साडेचार ते सातचे दिवे साडेसात ते दहा, म्हणजे उन्हात. अंड्यावरच्या कोंबड्यांचा दिवस रोज वेगळा होतो आणि मधल्या ताडपत्रीची फट असेल तर तलंगांचाही. पावसाळा सरल्यावर जे फोन येतात त्यांत हे निघतंच.

डिजिटल टायमरची आतली बॅटरी संपली असेल तर वीज येताच तो शून्यावर जातो. बॅटरी चांगली आहे का हे बघायला प्लग काढा, दहा मिनिटं थांबा, परत लावा. वेळ बरोबर राहिली तर ठीक. नवा घेताना बॅटरी बॅकअपचाच घ्या. आठवड्यातला एक ठरावीक वार धरून टायमर घड्याळाशी ताडून पाहायची सवय लावा. बाजारवार धरला तर विसरायला होत नाही.

पाचवी तपासणी: पिल्लं कुठल्या महिन्यात उबली?

वरचं काही सापडलं नाही तर कॅलेंडर काढा. आपण विषुववृत्ताच्या जवळ, आपल्याकडे दिवस सारखेच, असं लोक म्हणतात. पण पणजीचा डिसेंबर अखेरचा दिवस सव्वाअकरा तासांचा असतो आणि जून अखेरचा तेरा तासांचा. पावणेदोन तासांचा हा फरक उघड्या शेडातल्या तलंगेला चांगला कळतो.

जानेवारीच्या सुरुवातीला उबलेलं पिल्लू मे महिना लागताना १७ आठवड्यांचं होतं. तोवर दिवस सव्वाअकरावरून पावणेतेरापर्यंत चढलेला असतो. वाढीचा सगळा काळ चढत्या दिवसात गेला, म्हणून या तुकड्या निसर्गतःच लवकर येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पिल्लांचे शेवटचे आठवडेही नव्या वर्षाच्या चढत्या दिवसात येतात. जुलैच्या तुकडीचं नेमकं उलट: तिचा दिवस नोव्हेंबरपर्यंत घटत जातो, ती थोडी उशिराच येते आणि अंडी मोठी देते. पावसाळी तुकडी "संथ" म्हणून तिला नावं ठेवू नका. वर्षाचा हिशेब काढाल तेव्हा तीच वर दिसेल.

जानेवारीच्या तुकडीसाठी इलाज ऐकायला उलटा वाटतो: दिवे लावायचे, पण लवकर आणि ठरवून. १७ व्या आठवड्याला नैसर्गिक दिवस किती होणार ते आधी पाहायचं, इथे पावणेतेरा तास. आठव्या आठवड्यापासूनच दिवे लावून रोजचा उजेड तेवढा ठेवायचा आणि १७ आठवड्यांपर्यंत एक मिनिटही वाढवायचा नाही. बाहेर सूर्याचा दिवस वाढत राहतो, पण आत पक्ष्याला तो स्थिर दिसतो, चढ कळतच नाही. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा पंचांगात किंवा कालनिर्णयात असतातच. उजाडण्याआधीचं आणि मावळल्यानंतरचं झुंजूमुंजूही पक्षी दिवसात धरतो, तेव्हा दिवे सूर्योदयानंतरपर्यंत चालू ठेवून मगच बंद करा. मधे काळोखाची फट राहू देऊ नका.

इथे एक प्रश्न हल्ली तरुण मुलं विचारतात, मोबाइलवर परदेशातले मत्स्यशेतीचे व्हिडिओ पाहून. नॉर्वेत सॅल्मनच्या समुद्रातल्या पिंजऱ्यांत हिवाळाभर पाण्याखाली दिवे लावतात आणि त्याने मासा लवकर वयात यायचा थांबतो, मग तलंगांना चोवीस तास उजेड देऊन तेच का होऊ नये? नॉर्वेतली गोष्ट खरी आहे. सॅल्मन वयात आला की त्याचं खाणं कमी होतं, मांसाचा केशरी रंग उतरतो, भाव पडतो. म्हणून तिथे हे दिवे लावतात. पण सॅल्मन वर्षाचं चक्र पाळतो. वर्षातल्या ठरावीक वेळी अंगात पुरेशी चरबी साठली असेल तर तो त्या वर्षी वयात येतो, नाहीतर पुढच्या वर्षावर ढकलतो. हिवाळ्यातल्या सततच्या उजेडाने त्याचं आतलं कॅलेंडर पुढे सरकतं, निर्णयाची वेळ अंग तयार व्हायच्या आत येऊन जाते आणि बरेच मासे ते वर्ष सोडतात. त्याच सॅल्मनला जमिनीवरच्या टाक्यांत १५-१६ अंशांच्या पाण्यात सतत उजेड दिला, तर नर लहानपणीच वयात येऊ शकतात. मासा एकच, दिवाही तोच, आणि परिणाम दोन टोकांचे. कोंबडी तर वर्षभर थांबणारा प्राणीच नाही. तिला वाढता दिवस दिसला की ती पुढच्या काही आठवड्यांत अंडं देते. एका प्राण्याचं प्रकाशाचं वेळापत्रक दुसऱ्याला लावू नका.

सहावी तपासणी: वजन

आता थोडी मेहनत. स्प्रिंगचा काटा आणि एक मदतनीस. किमान ५० पक्षी, शेडाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून, सकाळी खाद्य टाकण्याआधी. हाताला लागतील तेच पक्षी उचलू नका. चटकन सापडणारे बहुधा अशक्त असतात आणि सरासरी खोटी येते. एक कोपरा फळीने अडवा आणि त्यातले सगळे तोला.

पांढऱ्या लेयर जातींचं १८ व्या आठवड्याचं वजन साधारण १.२ किलोच्या आसपास हवं, तपकिरी जातींचं दीड किलोच्या जवळ. नेमका आकडा पिल्लं दिलेल्या हॅचरीच्या तक्त्यात असतो, तोच धरा. सरासरीइतकीच एकसारखेपणाची किंमत आहे: ८० टक्के पक्षी सरासरीच्या १० टक्के खाली-वर या पट्ट्यात बसले पाहिजेत. सरासरी ११५० ग्रॅम असेल तर १०३५ ते १२६५ च्या आत किती आले ते मोजा. निम्मेच बसत असतील तर उजेड अगदी पुस्तकाबरहुकूम वाढवलात तरी हलक्या पक्ष्यांची अंगं बाहेर येणारच. अशा वेळी हलके वेगळे काढा, त्यांना खाद्याची भांडी वाढवून द्या आणि त्यांच्या बाजूला दिवे उशिरा सुरू करा.

सगळ्या तपासण्यांत ही माझ्या मते सर्वात मोलाची, आणि सर्वात जास्त टाळली जाते ती हीच. वाढीव उजेडाची तारीख वय आणि वजन दोन्ही पाहून ठरते. दोन्ही जुळले की आठवड्याला अर्धा तास अशा बेताने १६ तासांपर्यंत चढा. वाढीव तास पहाटे दिलेले बरे. संध्याकाळी दिवे फटकन विझले की पक्षी दांडीवर न चढता जमिनीवरच चाचपडत राहतात.

खाद्याबद्दल थोडक्यात

खाद्य सहसा तलंगेला वेळेआधी अंड्यावर आणत नाही, पण झालेलं नुकसान दुप्पट करतं. ग्रोअर म्हणजे वाढत्या पक्ष्यांच्या खाद्यात कॅल्शियम १ टक्क्याच्या आसपास असतं, लेयर मॅश म्हणजे अंड्यावरच्यांच्या खाद्यात साडेतीन ते चार. वेळेआधी अंडी देणारी तलंग ग्रोअरवरच राहिली तर कवचासाठी स्वतःची हाडं झिजवते आणि पाय टाकते. उलट, अंड्यावर नसलेल्या दहा-बारा आठवड्यांच्या तलंगेला शेजारच्या भांड्यातून लेयर मॅश मिळत राहिलं तर मूत्रपिंडं बिघडतात. अंडी सुरू झालेल्या तुकडीला लेयर मॅश, आणि सोबत शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. ज्यांना हवा त्या खातील.

सातवी: दिव्यांची तीव्रता आणि शेडाची बांधणी

हे खर्चाचं काम, म्हणून शेवटी. लक्स मीटर मिळाला तर उत्तम, नाहीतर मोबाइलच्या ॲपवर अंदाज घ्या, मात्र त्याच्या आकड्याला ब्रह्मवाक्य समजू नका. पक्ष्याच्या डोक्याच्या उंचीवर, दिव्याखाली आणि दोन दिव्यांच्या मधोमध, दोन्हीकडे मोजा. अंड्यावरच्या बाजूला १० ते २० लक्स पुरतो. त्याहून बराच जास्त असेल तर टोचाटोची वाढते. बल्ब बदलून कमी वॅटचे लावले की तुकडी आठवड्याभरात शांत झालेली दिसते. पडदे, नव्या भिंती, शेडाची दिशा यांवर पैसे घालायचे तर ते पुढच्या तुकडीसाठी. या तुकडीला त्याचा उपयोग उशिरा होतो.

आता या तुकडीचं काय?

तुरे लाल झालेत पण अंडी सुरू नाहीत, वय १२ ते १५ आठवडे: आगंतुक उजेड आजच बंद करा. दिवस घटलेला दिसला की अंडाशयाचा वेग मंदावतो.

अंडी सुरू झाली असतील तर तास कमी करू नका. अंड्यावरच्या पक्ष्याचा दिवस घटला की अंडी तुटतात आणि पिसं झडायला लागतात. आहेत तेवढेच तास ठेवा, सरासरी वजन तक्त्याला लागेपर्यंत वाढवू नका, आणि उजेड मंद करा. अंग बाहेर आलेली तलंग दिसताच वेगळी काढा. ती आत राहिली तर बाकीच्यांना रक्ताची चटक लागते आणि मग ती मोडणं फार कठीण. नुकतंच आलेलं असेल तर कोमट मिठाच्या पाण्याने धुऊन, स्वच्छ हाताने हळुवार आत सारून, काळोख्या जागी एकटी ठेवून पाहा. पुन्हा बाहेर आलं तर तिला त्रासात ठेवू नका, तुकडीतून कमी करा. अंडी घालायची खोकी काळोखी आणि पुरेशी ठेवा, म्हणजे अंडं घालताना मागची लाल जागा इतरांना दिसत नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पत्र्याला किंवा ओल्या खांबाला हात लागून मुंग्या आल्या तर मेन बंद करा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा. ओल्या शेडात अर्थिंग आणि गळती-रोधक स्विच नसताना टायमरच्या वायरी स्वतः जोडायला जाऊ नका.

डोकं सुजणं, तुरा निळा-जांभळा पडणं, हिरवी हगवण, मान वाकडी होणं, धाप लागणं, किंवा एक-दोन दिवसांत एकदम बरेच पक्षी मरणं, यांचा उजेडाशी संबंध नाही. मानमोडी (राणीखेत) असू शकते, बर्ड फ्लू असू शकतो. मेलेला पक्षी कापून पाहू नका, विकू नका, ओहोळात टाकू नका. दुसऱ्याच्या शेडात पाऊल टाकू नका आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवा.

उजेड, टायमर, वजन सगळं ठीक निघालं आणि तरीही बिनकवचाची अंडी, एकदम घटलेलं उत्पादन किंवा पाय ओढणारे पक्षी दिसत असतील तरी डॉक्टरांनाच दाखवा. त्यामागे विषाणूचे आजार असू शकतात आणि ते रक्ताचे नमुने तपासल्याशिवाय कळत नाहीत. चोची कापणं, अंग पुन्हा पुन्हा बाहेर येणाऱ्या पक्ष्यांना टाके, अँटिबायोटिकचा डोस, हीही घरी करायची कामं नाहीत. डॉक्टर यायच्या आत कुठलंही औषध पाण्यातून सुरू करू नका, नमुने बिघडतात.

फोन करण्याआधी एका कागदावर एवढं लिहून ठेवा: उबवणीची तारीख, आजचं सरासरी वजन आणि किती पक्षी तोलले, दिवे लागायच्या आणि विझायच्या वेळा, पहिलं अंडं कुठल्या तारखेला आलं, रोजची मर, दिलेल्या लसी, आणि खाद्याच्या पोत्यावरचं लेबल. लेबलचा फोटो काढून पाठवलात तरी चालेल.